वॉरंटी संपलेलं मशीन आणि रेखाची माय

माझ्या बायकोचं माझ्यासंगचं शेवटचं बोलणं सेलाबद्दल होतं. खामगावच्या दवाखान्यात ती पडली होती, तोंडावर ऑक्सिजनचा मास्क. बोलू नका म्हणून नर्सनं बजावलं होतं, पण ते कोणाला, तर जिला आयुष्यभर कोणी बोलू नका म्हणू शकलं नाही तिला. तिनं एका बोटानं मास्क उचलला, माझ्या कानातल्या ऐकायच्या मशीनीकडं पाहिलं आणि हळूच विचारलं, "सेल बदलला का?" मी म्हटलं, हो, सकाळीच बदलला. तिनं मान हलवली, मास्क परत ठेवला आणि हातानं मला जायची खूण केली. भेंडीचा तोडा राहिला होता. एक तोडा चुकला की भेंडी जून होते, मग ती कोणी घेत नाही. मी शेतकरी असून हे मला ती शिकवत होती, दवाखान्याच्या खाटेवरून. मी दुपारच्या गाडीनं आमच्या गावी, वरवट बकालला आलो, संध्याकाळी तोडा केला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या लेकीचा, रेखाचा फोन आला. मशीन कानात होतं. फोन कानाच्या जरा वर धरायचा असतो, तसा धरला. रेखा म्हणाली, "बाबा, आई गेली." स्पष्ट ऐकू आलं. "काय म्हनते?" असं परत विचारावं लागलं नाही. भेटायला आलेली माणसं म्हणाली, अशा वेळी माणूस बहिरा असलेलाच बरा. मी तसं म्हणणार नाही. मला ऐकू यावं म्हणून ती बाई बुलढाण्याच्या ग्राहक आयोगापर्यंत गेली होती. तिनं मिळवून दिलेल्या मशीनीतून तिच्याच जाण्याची बातमी आली, ती मी नीट ऐकली, एवढं तिचं देणं होतं माझ्याकडं...

मी भाजीपाला पिकवणारा माणूस. वांगी, भेंडी, मिरची, काकडी. शिक्षण सातवीत सुटलं. हे लिहून राह्यलो ते रेखानं आग्रह केला म्हणून. मी लिहितो, ती शुद्ध करते, आणि जिथं तिनं जास्तच शुद्ध केलं तिथं मी परत खोडतो. रेखाच्या मायचं नाव मी लगेच लिहीत नाही. या लिखाणासंग तिचा फोटो असेल, त्याखाली छापलेलं असेलच. आमच्या पिढीत बायको नवऱ्याचं नाव घेत नव्हती आणि नवराही बायकोला नावानं हाक मारत नव्हता. मी तिला "ऐकलं काय वं" म्हणायचो, ती मला "अहो" म्हणायची, आणि लोकांमध्ये आम्ही रेखाची माय आणि रेखाचा बाप. लग्नात तिनं उखाण्यात नाव घेतलं होतं, पण ते बाया शिकवतात, यमक जुळवून देतात. ती काही हाक नव्हे.

ती जामोदकडची, सातपुड्याच्या पायथ्याची. लग्न होऊन आली तेव्हापासून आमची भाजी बाजारात तिनंच विकली. मी पिकवायची आणि तिनं विकायची, अशी वाटणी आपोआप झाली, कारण मी गिऱ्हाइकाशी भांडायचो आणि ती बोलायची. तिचा एक नियम होता. काकडी कडू निघाली तर ती बदलून द्यायची. गिऱ्हाईक पुढच्या बाजाराला येऊन नुसतं म्हणालं, की मावशी, मागच्या बारीची काकडी कडू होती, तरी ती काही न विचारता दुसरी काढून द्यायची. मी तणतणायचो. म्हणायचो, लोक फसवतात, खाऊन येतात आणि कडू होती म्हणून सांगतात. ती म्हणायची, फसवू द्या, कडू काकडी वरून ओळखू येत नाही, ते तिचं पाप गिऱ्हाइकाच्या डोक्यावर कायले? जळगाव जामोदच्या बाजारात तिच्या पोत्यापाशी गर्दी राहायची ती त्याच्यानंच, हे मला फार उशिरा समजलं.

माझे कान गेले ते हळूहळू. वर्षानुवर्षं मळणीयंत्रावर उभा राहिलेला माणूस, आधी घुंगरं वाजल्यासारखं व्हायचं, मग लोक तोंड हलवतात आणि आवाज दुसऱ्या खोलीतून येतो असं व्हायला लागलं. भाजीच्या हर्राशीत बोली कुठवर चढली ते कळेना. मी मंदिराच्या ओट्यावर बसणं सोडलं. चारचौघं हसले की मीही हसायचो, का हसले ते माहीत नसायचं. घरी तर ती ओरडून बोलायची. आमच्या घरात काय भाजी केली, रेखाच्या सासरी काय झालं, माझं पोट साफ झालं की नाही, हे सगळं शेजारच्या घरांना माझ्याआधी कळायचं.

मग तिनं मनावर घेतलं आणि मलकापूरच्या एका दुकानातून कानाचं मशीन आणलं. दुकानदार तरुण, गोड बोलणारा. त्यानं कान तपासले, मशीन दिलं, एक वर्षाची गॅरंटी म्हणाला, कार्ड डब्यात टाकलं. कार्डावर ना शिक्का ना तारीख. आम्ही डबा घेऊन घरी आलो आणि त्याच आठवड्यात माझे मोठे भाऊ वारले.

आता आमच्या भावकीत रीत अशी की घरातलं थोर माणूस गेलं की वर्षश्राद्धापर्यंत नवी वस्तू अंगाला लावायची नाही. नवा कपडा नाही, नवा दागिना नाही. मशीन कपडा की दागिना, यावर भावकीतली मोठी माणसं बसली. एक म्हणाले, कानात घालतात म्हणजे बाळीच झाली की. आणि सगळ्यात कडक निघाली ती रेखाची माय. तिला माझ्या भावाबद्दल फार आदर होता. तिनं डब्याला कुंकू लावलं आणि देवघराखालच्या कपाटात ठेवून दिला. वर्षभर मी बहिरा आणि मशीन कपाटात. कपाट पुसताना ती डबाही पुसायची. उघडायची नाही.

वर्षश्राद्ध झालं, दुसऱ्या दिवशी डबा उघडला. पहिल्यांदा कानात घातलं तेव्हा काय काय ऐकू आलं ते सांगतो. तिच्या बांगड्या. छतावरच्या पंख्याची कुरकुर. माझ्याच धोतराची सळसळ. भाकर चावताना दाताचा आवाज एवढा मोठा असतो हे मला ठाऊकच नव्हतं. तिनं स्वयंपाकघरात ओट्यापाशी उभं राहून, माझ्याकडं पाठ करून, हळू आवाजात विचारलं, "चहा आनखी पाहिजे काय?" मी म्हटलं, हाव, अर्धा कप. ती वळली नाही. बराच वेळ चहाचं पातेलंच घासत राहिली.

महिनाभर सुखाचा गेला. मग मशीन सापासारखं फुसफुसायला लागलं. मग मध्येच बंद पडायचं, चापट मारली की चालू व्हायचं. मग चापटीनंही होईना. नुसती घुरघुर यायची, तीही कधीमधी.

आम्ही मलकापूरला गेलो. दुकानदारानं बिलावरची तारीख पाहिली आणि म्हणाला, "मावशी, वॉरंटी संपली. आता कंपनी हात लावत नाही. आत पाणी गेलं दिसते. हे काही दुरुस्त होत नाही, नवीन घेऊन टाका, जुन्याचे थोडे कापून देतो." हे त्यानं मला सांगितलं नाही, तिला सांगितलं, मला तर काही ऐकूच येत नव्हतं. हे सगळं मागाहून कळालेलं लिहितो. तिनं विचारलं, पाणी गेलं ते तुम्ही उघडून पाहिलं काय? तो म्हणाला, पाहायची गरज नाही, असंच होते. ती म्हणाली, मग पाणी गेलं असं लिहून द्या. त्यानं लिहून दिलं नाही. ती दुकानातच बसून राहिली. भांडली नाही, आवाज चढवला नाही. गिऱ्हाईक आलं की सरकून जागा द्यायची आणि परत बसायची. शेवटी त्यानंच आम्हाला चहा पाजला आणि हात जोडले.

गावात आल्यावर मी म्हटलं, जाऊ दे. भावकीतले म्हणाले, कानाच्या मशीनीपायी कोणी कोर्टात जाते काय, वॉरंटी संपली म्हणजे संपली. पण तिच्या बचत गटात मागं एक बाई येऊन ग्राहकाच्या हक्काबद्दल बोलून गेली होती, त्यातली एक गोष्ट तिच्या डोक्यात बसली होती. वॉरंटी संपली तरी वस्तूत मुळातच दोष असला तर तक्रार करता येते, फार उशीर मात्र करायचा नाही, आणि वकील लावलाच पाहिजे असंही नाही. तिनं रेखाला बोलावून घेतलं. रेखा बारावी शिकलेली. बिल, कार्ड, डबा, सगळं काढून दोघी मायलेकी बसल्या.

मी त्या दिवशी चिडलो होतो. म्हटलं, माझे कान, मी बहिरा, मला चालते, मग तुला काऊन एवढं? ती उठून माझ्याजवळ आली, कानाशी तोंड नेलं आणि ओरडून बोलली, म्हणून हे सगळ्या गल्लीला ठाऊक आहे.

"मले तुमच्यासंग हळू बोलायचं हाय. शेजाऱ्याले ऐकू जाईल असं किती दिवस बोलू?"

गल्लीत कोणी हसलं नाही.

आयोगाच्या तारखा सुरू झाल्या. बुलढाण्याला जायचं म्हणजे सकाळची पहिली गाडी, पिशवीत भाकर-ठेचा, राजूरच्या घाटात तिला मळमळायचं म्हणून पदराला लिंबू बांधलेलं. कधी कंपनीचा वकील आला नाही म्हणून तारीख पडली, कधी दुकानदाराचं उत्तर आलं नाही म्हणून. एकदा तर आम्ही पोचलो आणि त्या दिवशी सुट्टी निघाली. मी म्हणालो, पाहा, गेलं भाडं. ती म्हणाली, बुलढाण्याची हवा तरी थंडी हाय, बसा जरा. आणि आम्ही दोघं झाडाखाली बसून भाकर खाऊन परत आलो. लग्न झाल्यापासून आम्ही दोघं असं कुठं बसलो नव्हतो.

मग खरी तारीख आली. आयोगाच्या अध्यक्ष एक म्याडम होत्या. कंपनीचा वकील तरुण होता, वाईट माणूस नव्हता. त्याचं म्हणणं सरळ होतं. वॉरंटी बिलाच्या तारखेपासून धरतात, वस्तू कपाटात ठेवली तो यांचा प्रश्न. रेखा तिच्या वहीत मला लिहून दाखवत होती म्हणून समजत होतं. म्याडमनी रेखाच्या मायला विचारलं, यावर तुमचं काय म्हणणं आहे. ती उभी राहिली आणि म्हणाली, वकीलसाहेब खरं बोलते. कपाटात मी ठेवलं. चूक माझी. वर्ष गेलं ते आमच्या रिवाजात गेलं, त्याचं मी काही मागत नाही.

रेखानं हे लिहिलं तेव्हा तिचा हात थांबला. मला वाटलं, संपलं. एवढ्या तारखा करून ही बाई आपणहून हरली.

पण ती पुढं बोलली. "वॉरंटी संपली ते मले कबूल हाय. मी विचारून राह्यली ते येगळं. जे मशीन वर्षभर डब्यातून निघालंच नाही, ते निघाल्यावर महिन्यात कसं खराब झालं, तेवढं सांगा. पानी गेलं म्हनता, तर डब्यात पानी कुठून आलं?"

मग तिनं काकडीचं सांगितलं. की मी भाजी विकते, काकडी कडू निघाली तर बदलून देते, कारण कडू काकडी मुळातच कडू असते, गिऱ्हाइकानं ती कडू केलेली नसते. वकील हसून म्हणाला, मावशी, काकडी लोक त्याच दिवशी खातात, वर्षभर ठेवत नाहीत. खोलीत सगळे हसले. तीही हसली. म्हणाली, बरोबर बोलले तुम्ही, हे मले सुचलं नव्हतं. आणि खाली बसली. मला तिचा हा स्वभाव ठाऊक होता. समोरच्याचं खरं असलं की ती तोंडावर मान्य करायची, मग आपलं खरं सोडायची नाही.

दुकानदारानं तेव्हा एक चाल केली. म्हणाला, मशीन चालूच आहे, आजोबांना वयानं कमी ऐकू येते. म्याडमनी मशीन मागवलं. सेल नवीन टाकला. मला खुर्चीत भिंतीकडं तोंड करून बसवलं, मशीन कानात. रेखाला वही मिटायला लावली. पुढचं मला दिसलं ते भिंतीवरचं घड्याळ आणि एक खिळा.

रेखानं नंतर सांगितलं ते असं. म्याडम म्हणाल्या, यांच्या मागं उभं राहा आणि साध्या आवाजात नावानं हाक मारा. रेखाची माय म्हणाली, आमच्यात नाव घेत नाही. तिथला लिहिणारा बाबू म्हणाला, मग अहो म्हणा, चालेल. म्याडमही म्हणाल्या, चालेल. रेखाच्या मायनं पदर डोक्यावरून पुढं ओढला, हात जोडल्यासारखे पोटाशी धरले आणि म्हणाली, "तुळशीराम."

एवढंच. पुढं राव नाही, मागं यमक नाही. जसं रोज घेत असावी तसं.

मी भिंतीकडं पाहत बसलो होतो. मला घुरघुर ऐकू येत होती, चक्कीवर दळण चालू असावं तशी. खोलीत काहीतरी झालं एवढं मला पाठीला कळालं, कारण माणसं हलायची थांबली की पाठीला कळते. मी वाट पाहत होतो की आता हाक येईल, आता येईल. मग माझ्या खांद्यावर हात आला. मी वळलो. वकिलानं पेन खाली ठेवला होता. दुकानदार स्वतःच्या चपलांकडं पाहत होता. आणि रेखाची माय माझ्याकडं पाहतच नव्हती, खिडकीतून बाहेर पाहत होती, कान लाल झालेले.

मशीन तपासायला दुसरीकडं पाठवावं असा हुकूम म्याडमनी त्याच दिवशी दिला.

बसस्टँडवर मी रेखाला विचारलं, काय म्हणाली तुझी माय? रेखानं माझ्या कानात ओरडून सांगितलं, तेव्हा अख्ख्या स्टँडला माझं नाव कळालं. एक कंडक्टर तर विचारायला आला, तुळशीराम कोण, हरवला काय. रेखाची माय तोवर जाऊन गाडीत बसली होती. मी तिच्या शेजारी बसलो आणि म्हटलं, अहो म्हणालीस तरी चाललं असतं ना. तिनं रेखाच्या वहीत लिहून दाखवलं, चौथीपर्यंतच्या तिच्या अक्षरात. त्या खोलीत सारेच अहो. दुसऱ्याचं अहो समजून तुम्ही वळले असते तर केस गेली असती.

मी ते वाचलं. खरंही होतं. पण तेवढंच खरं नव्हतं, हे मी तिच्या कानाच्या रंगावरून सांगू शकतो.

तपासणीचा अहवाल आला. पाण्याचा मागमूस नाही, आतला एक जोड बनवतानाच कच्चा राहिला होता. निकाल लागला की कंपनीनं मशीन बदलून द्यावं आणि नव्या मशीनीची वॉरंटी नव्यानं धरावी. खर्च मागितला होता तो सगळा मिळाला नाही. पेपरात काही आलं नाही. पण आमच्या भावकीतल्या ज्यांनी वॉरंटी संपली म्हणजे संपली असं सांगितलं होतं, त्यांच्या घरावरून ती त्या दिवशी मुद्दाम पायी गेली, हातात अजून नवं मशीन आलं नव्हतं तरी.

नवं मशीन आणायला गेलो तेव्हा पितृपक्ष चालू होता. दुकानदारच म्हणाला, मावशी, पितर सुरू आहेत, सर्वपित्री झाल्यावर न्या, मी ठेवून देतो. मला वाटलं ती डबा परत कपाटात घालते की काय. तिनं डबा तिथंच फळीवर ठेवला, सील फोडलं, कार्ड काढलं. म्हणाली, आधी शिक्का मारा, तारीख टाका, सही करा. मग मशीन माझ्या हातात दिलं. "घाला. एका वर्षाचा रिवाज लय झाला. ऐकू यायले मुहूर्त लागत नाही."

मी घातलं. ती दुकानाच्या दारापाशी गेली, रस्त्याकडं तोंड, ट्रकांची वर्दळ चालू, आणि आपल्या साध्या आवाजात म्हणाली, "चला, गाडी जाईल." मी ऐकलं. दुकानदारानंही माझं तोंड पाहिलं आणि तो आम्हाला सोडायला रस्त्यापर्यंत आला. तेव्हापासून तो आमचा झाला. सेल त्याच्याकडूनच घ्यायचो. येणाऱ्या गिऱ्हाइकाला तो कार्डावर शिक्का मारून द्यायला लागला आणि डबा इथंच उघडा म्हणून सांगायला लागला. बरं वाटायचं तिला. तोंडावर म्हणायची नाही.

गावातल्या बाया मग तिच्याकडं यायच्या. कोणाचा मिक्सर, कोणाचा मोबाईल, कोणाचा कूलर. ती काही वकील नव्हती. ती आधी विचारायची, बिल ठेवलं काय, दुरुस्तीवाल्यानं काय झालं ते लिहून दिलं काय, वापरलं कसं. एका पाहुण्यानं कूलरमध्ये पाणी नसताना रात्रंदिवस मोटर चालवली होती आणि कंपनीला फासावर द्या म्हणत होता. त्याला तिनं सांगितलं, भाऊ, ही काकडी तुम्हीच कडू केली. तो रागावून गेला. पण काहींची कामं झाली. बचत गटाच्या बैठकीत तिला बोलायला सांगितलं तर म्हणायची, मी काय बोलू, मी तर कबूल करूनच आली होती की चूक माझी. आणि बाया हसायच्या. मी ओट्यावर बसून ते हसणं ऐकायचो, आणि आता का हसतात ते मला ठाऊक असायचं. मला अभिमान कशाचा विचाराल तर निकालाचा तेवढा नाही. आपली चूक भर खोलीत मान्य करून मग आपला हक्क मागणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. लोक एक तर चूक लपवतात, नाहीतर हक्क सोडतात. तिनं दोन्हीही केलं नाही.

रोज सकाळी मी मशीन घातलं की ती ओट्यापाशी, माझ्याकडं पाठ करून, हळू आवाजात काहीतरी बोलायची. ही तिची तपासणी. "दाढी वाढली." "वांग्यावर फवारा कधी मारता?" "काल घोरून राह्यले होते, छत पडते की काय वाटलं." मी उत्तर दिलं की मशीन पास. कधी कधी मुद्दाम उत्तर द्यायचो नाही, तर ती वळून पाहायची, माझं हसणं दिसलं की लाटणं उगारायची. आणि मी अधूनमधून म्हणायचो, वं, एकदा नाव घे ना, आता तर ऐकू येते. ती म्हणायची, "कामापुरतं घेतलं होतं. तुम्ही ऐकलं नाही, त्याले मी काय करू?" हे ती इतक्या गोड गर्वानं म्हणायची की मी पुढच्या वेळी परत विचारायचो. साऱ्या खोलीनं ऐकलं, वकिलानं, बाबूनं, दुकानदारानं. ज्याचं नाव होतं त्यानं तेवढं ऐकलं नाही. याचं मला दुःख होतं असं लोकांना वाटते. नाही. ते नाव तिनं माझ्या कानासाठी पणाला लावलं होतं.

ती गेली आणि सुतकातच माझा सेल संपला. माझ्याजवळची सेलाची पट्टी सरली होती आणि घरात ठेवलेली दुसरी सापडेना, ती ठेवायची जागा तिलाच ठाऊक. दोन दिवस माणसं येत होती, तोंडं हलत होती, मी परत हसायच्या जागी मान हलवत होतो. मग मलकापूरचा दुकानदार भेटायला आला. बसला, डोळे पुसले, म्हणाला, मावशी माझ्या दुकानात बसून राहिली तशी कोणीच बसली नाही. हे मला रेखानं सांगितलं. निघताना त्यानं खिशातून सेलाची पट्टी काढून माझ्यापुढं ठेवली. आमचे एक चुलते म्हणाले, राहू द्या, सुतकात नवी वस्तू उघडत नसतात, निदान तेरवी होऊ द्या. सगळे माझ्याकडं पाहायला लागले. मी पट्टी त्यांच्यासमोर फाडली, सेल घातला आणि मशीन कानात लावलं. पहिला आवाज आला तो चुलत्याचाच. म्हणत होते, बायकोवर गेला.

गेलोच आहे.

आता सकाळी उठतो, दात घासतो, मशीन घालतो. ओटा तसाच आहे, लाटणं खिळ्याला. तपासायला कोणी नाही. पहिले काही दिवस मी नुसता बसून राहायचो, काय ऐकू येते ते पाहत. पंख्याची कुरकुर ऐकू यायची. एक दिवस उठलो आणि ओट्यापाशी, तिच्या जागेवर, दाराकडं पाठ करून उभा राहिलो. पदर नाही म्हणून टोपी सारखी केली. बाजूच्या घरात कोणी उठलं नव्हतं, उठलं असतं तरी त्यांना ऐकू गेलं नसतं, इतक्या हळू म्हटलं, "द्वारका."

आपलाच आवाज, तो ऐकू येणारच, असं रेखा म्हणते. येवो. मी रोज म्हणतो. मशीन चालू आहे.